फुल शीट, ऑगस्ट महिना आणि गंगेवरची एक ऑर्डर : काय बिघडलं, कसं सुटलं

ऑर्डर अशी होती. गंगापूर रोडला, सोमेश्वरच्या पुढे एकाने जुन्या बंगल्याचं होमस्टे केलं आणि रिसेप्शनच्या मागच्या भिंतीवर त्याला नाशिकचा घाट पाहिजे होता, गोदावरीचा, जिला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो. प्रिंट नको, फोटो नको, वॉटरकलरच पाहिजे, फुल शीट म्हणजे 22 बाय 30 इंच, पावसाळ्यातलाच घाट, नारोशंकराचं देऊळ दिसलं पाहिजे, आणि सगळ्यात महत्त्वाची अट म्हणजे चित्र पहिल्यापासून शेवटपर्यंत जागेवर बसून काढलेलं असलं पाहिजे कारण त्याला त्याचा व्हिडिओ करून टाकायचा होता. गणपतीच्या आत भिंतीवर. रक्कम 28,000, फ्रेमिंग वेगळं, निम्मे पैसे आधी. सगळं फोनवर ठरलं, लिहिलेलं काही नाही.

ऑर्डर घेतली ती आमच्याकडे येणाऱ्या एका पोराने. पोरगा म्हणजे तसा तिशीतला आहे, नोकरी सोडून पूर्णवेळ लँडस्केपच करतो, हात चांगला, ड्रॉइंग पक्कं, उन्हाळ्यातलं काम तर फारच सुंदर. त्याचं किंवा मालकाचं नाव इथे लिहीत नाही, गरज पण नाही. तो घाटावर जाऊन दोन शीट वाया घालवून आला आणि मग फोन केला, "सर, वॉशच बसत नाहीये, हात गेला की काय माझा?" वॉश म्हणजे भरपूर पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा सपाट थर. मी म्हटलं शीट फेकू नको, घेऊन ये.

दोन्ही शीट जमिनीवर पसरून बघितल्या तर तीन वेगवेगळी दुखणी दिसत होती आणि तो तिघांनाही एकच नाव देत होता, "पाऊस". म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण पावसाळ्यात बाहेर बसणाऱ्या बऱ्याच जणांचं असंच होतं, आणि मग माणूस जूनमधे किट बांधून ठेवतो ते डायरेक्ट दिवाळीनंतर उघडतो.

पहिलं दुखणं आभाळात. आभाळाचा वॉश एकसारखा जायला पाहिजे होता, त्यात मधे मधे गडद ठिपके, रुपयाच्या नाण्याएवढे, कडा अस्पष्ट. त्याला वाटलं पावसाचे थेंब पडले. पण पावसाचा थेंब ओल्या वॉशवर पडला तर रंग बाजूला सारतो, मधे फिकट आणि कडेला दातेरी गडद रेघ येते, आपण ज्याला फूल आलं म्हणतो तसं. इथे उलट होतं, मधेच गडद. म्हणजे रंग कागदाने आत ओढून घेतला होता. विचारलं कागद कधीचा? तर मागच्या वर्षी स्वस्तात मिळाले म्हणून दहाचा गठ्ठा घेतलेला, तेव्हापासून कपाटावर, बाहेरच्या भिंतीला टेकून. कपाटावर, नाशिकच्या पावसाळ्यात! 300 जीएसएम म्हणजे जाड, शंभर टक्के कॉटन, कागद चांगलाच होता, पण त्याला जे जिलेटिनचं सायझिंग असतं ना, ज्याच्यामुळे रंग वर थांबतो आणि आपल्याला हलवता येतो, ते दमट हवेत पडून पडून जागोजागी मेलं होतं.

हे तपासायचं साधं आहे. उरलेल्या शीटवर नुसतं स्वच्छ पाणी मोठ्या फ्लॅट ब्रशने फिरवलं आणि खिडकीकडे तोंड करून तिरकं धरलं. चांगल्या कागदावर पाण्याची चकाकी एकसारखी दिसते आणि हळूहळू एकसारखीच जाते. याच्या कागदावर चकाकी आली आणि काही सेकंदात ठिकठिकाणी भोकं पडल्यासारखी ती विझली, आणि बरोबर तिथे कागद राखाडी दिसायला लागला. पोरगा बघतच राहिला. म्हणाला, "मी तर रंगालाच शिव्या घालत होतो." असा कागद परत जिलेटिनचा हात देऊन वाचवता येतो, पण पैसे घेतलेल्या कामाला ती रिस्क कोण घेणार, चारकोलला वापर म्हटलं. आणि त्या कागदावर मास्किंग फ्लुइड (कोरी जागा झाकून ठेवायचा रबरासारखा द्रव) तर चुकूनही नको, काढताना कागदाची सालच निघते.

दुसरं दुखणं रंगाचं. जागेवर काढताना चित्र त्याला ठीक वाटत होतं, घरी आणलं की सगळं तांबूस. देऊळ तांबूस, पाणी तांबूस, आभाळात सुद्धा ऑकर. गोदावरी पुरात तांबडी-मातकट असते हे खरं, पण नारोशंकराचं देऊळ काळ्या दगडाचं आहे, ते विटेचं दिसत होतं. हे कोडं त्याने मोबाइलमधे दाखवलेल्या फोटोत सुटलं. पावसाला आडोसा म्हणून तो पटांगणाच्या बाजूला एका भाजीवाल्या मावशींच्या ताडपत्रीखाली बसला होता, आणि ताडपत्री निळी. समोरचा देखावा साध्या ढगाळ उजेडात आणि मांडीवरचा कागद निळ्या उजेडात. दोन्हीकडे आळीपाळीने बघताना कागद सतत थंड वाटणार, मग हात आपोआप बर्न्ट सिएना आणि येलो ऑकर अशा तांबूस-पिवळ्या रंगांकडे जाणार, आणि घरी पांढऱ्या ट्यूबलाइटखाली ती सगळी भर उघडी पडणार. छत्री लागणारच असेल तर पांढरी, करडी नाहीतर सरळ काळी घ्यावी. रंगीत छत्रीखाली बसून रंग जुळवणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून सुईत दोरा ओवणं आहे. उन्हाळ्यात याच्याच उलट्या बाजूची गंमत होते, कागदावर थेट ऊन पडलं की कागद इतका चमकतो की आपण सगळं गरजेपेक्षा गडद काढतो आणि घरात ते मेलेलं दिसतं, पण तो विषय इथे नको.

तिसरं दुखणं खरं मोठं, आणि ते कागदात पण नव्हतं, रंगात पण नव्हतं, ऑर्डरमधेच होतं.

बघा, क्वार्टर शीट म्हणजे 11 बाय 15. फुल शीट त्याच्या चौपट. पाणी चौपट, ब्रश मोठे, आणि वाळायचा वेळ हवेच्या मर्जीवर. ऑगस्टमधे गंगेवर सकाळी आर्द्रता सहज 85-90 टक्के असते, वारा नसतो, अशा वेळी पहिला वॉश अर्धा तास झाला तरी बोटाला थंड लागतो. थंड लागतो म्हणजे आत अजून ओलावा आहे. त्याच्यावर दुसरा थर दिला की एकतर फूल येणार नाहीतर खालचा रंग उठून गढूळ होणार. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाचा जो करडा आपण काळ्या पाषाणाला वापरतो तो तर ओला जास्त वेळ राहिला की दाणेदार होऊन खाली बसतो, दगडाला ते छान दिसतं, पण तेच आभाळात झालं की आभाळ पण दगडी. थांबावं तर समोरचं चित्र बदलतं. पोराने दुसऱ्या शीटला एवढी घाई केली की घाटाच्या पायऱ्या, देऊळ, त्याच्या मागची झाडं सगळं एकमेकांत शिरलं होतं.

आणि नदी काय थांबते का. पहिल्या दिवशी त्याने पायऱ्या, छोटी देवळं, धुणं, माणसं असं पेन्सिलीने छान मांडलं. मधे गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला. दुसऱ्या वेळेस गेला तर खालच्या पायऱ्या गायब, पात्रातल्या छोट्या देवळांचे नुसते कळस, भाजीवाल्या मावशी पण सामान उचलून वर रस्त्याला गेलेल्या. पेपरात होळकर पुलाखालून इतके क्युसेक म्हणून येतं, पण गंगेवरच्या माणसाला ते पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीच्या अंगावर कळतं, गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. 2019 च्या ऑगस्टमधे तर मारुती पार बुडाला होता. तर हा पठ्ठ्या कोरड्या पायऱ्यांच्या ड्रॉइंगवर पुराचं पाणी रंगवायला बसला, आणि मारुती एका शीटवर एकाच वेळी गुडघ्यापर्यंत पण होता आणि कमरेपर्यंत पण.

माझं मत मी त्याला सरळ सांगितलं, आणि ते सगळ्यांना पटत नाही हे पण मला माहितीय. पावसाळ्यात जागेवर जायचं ते चित्र पूर्ण करायला नाही, ठरवायला. काय ठेवायचं, काय सोडायचं, सगळ्यात गडद कुठे, सगळ्यात उजळ कुठे, पाणी कुठल्या पायरीवर. एवढं ठरलं की बाकी मोठी शीट घरात काढली म्हणून चित्राची किंमत कमी होत नाही. टर्नरसारखा मोठा इंग्रज चित्रकार बाहेर बहुतेक वेळा पेन्सिलच चालवायचा, रंग नंतर. "जागेवरच पूर्ण" हा हट्ट उन्हाळ्यातल्या क्वार्टर शीटला शोभतो.

मग प्लॅन बदलला. जागा बदलली, जुन्या नाशिकच्या बाजूने, वर, जिथे दगडी ओवरीचं छप्पर आहे आणि पाणी वाढलं तर पाठीमागे गल्लीत निघता येतं. इथून एक फायदा असा की नदी इथे साधारण दक्षिणेकडे वाहते, पंचवटी, म्हणजे नारोशंकराचा काठ, पूर्वेला, म्हणजे सकाळी जो काही उजेड असतो तो नारोशंकराच्या मागून येतो. ढग असले तरी आभाळाचा तेवढा भाग उजळ राहतो आणि शिखर त्याच्यावर एका सपाट गडद आकारात सापडतं. मूळ देऊळ 1747 चं, सरदार नारोशंकर राजेबहाद्दरांनी बांधलेलं, कोरीव काम एवढं की माणूस त्यातच अडकतो, आणि ती वसईवरून आणलेली घंटा तर प्रत्येकाला दाखवायचीच असते. पण मागून उजेड असला की कोरीव काम दिसतच नाही, सुटका होते.

तिथे त्याने क्वार्टर शीट केल्या, वेगवेगळ्या सकाळी, प्रत्येकीला एकच प्रश्न दिलेला. एकीत फक्त आभाळ आणि शिखर. एकीत फक्त पाण्याचा रंग, कारण पुराच्या पाण्यात किनाऱ्याजवळ आणि मधल्या धारेत फरक असतो, मधे जास्त मातकट आणि फेस, कडेला जरा संथ, तिथेच काय ती प्रतिबिंबं. आणि एकीत पायऱ्या.

पायऱ्यांवर जरा थांबतो कारण अख्खं चित्र तिथे जिंकलं. आधीच्या शीटमधे त्याने घाट म्हणजे एक काळा-करडा पट्टा आणि त्यावर आडव्या रेघा असं केलं होतं. काळा दगड ओला झाला की जास्त काळा होतो, हे आपल्या डोक्यात असतं. प्रत्यक्षात बसून बघा, ओल्या पायरीची उभी बाजू काळी होते, पण आडवी बाजू, जिथे पाय ठेवतो ती, आभाळ दाखवते. ढगाळ दिवशी ती जवळजवळ कोऱ्या कागदाइतकी पांढरी असते. म्हणजे पावसाळ्यातला घाट उन्हाळ्यापेक्षा काळा नसतोच, तो पट्ट्यापट्ट्यांचा असतो, पांढरा-काळा-पांढरा-काळा, आणि लांब जाता जाता हे पट्टे बारीक होत एकत्र मिसळून करडे होतात. मोबाइलच्या फोटोत हे सापडत नाही, मोबाइल आभाळ सांभाळायला जातो आणि दगड नुसता काळा गोळा होतो. पोराने त्या क्वार्टरवर आडव्या बाजू कोऱ्या सोडल्या, उभ्या बाजू एकेका फटक्यात, आणि मधे एक बाई केशरी लुगड्यात, दोन ठिपके. मी म्हटलं संपलं, हात लावू नको. लावलाच थोडा, पण असो.

वाळवायला काय केलं? शेजारी उभ्या केलेल्या मित्राच्या गाडीत एसी लावून बोर्ड डॅशबोर्डवर. एसीची हवा कोरडी असते, पाच-सात मिनिटात काम होतं. लोक हसतात, हसू देत. मधल्या वेळात पेन्सिलीने नोंदी, पाणी मारुतीच्या कुठपर्यंत, कुठल्या ओवरीच्या कितव्या खांबापर्यंत. त्याला एकच पाण्याची पातळी नक्की करायला लावली, कमरेपर्यंत, आणि त्यानंतर नदीने काहीही केलं तरी चित्रात तीच.

बघ्यांचा त्रास वेगळा. दशक्रियेला आलेली मंडळी, गुरुजी, चहावाले, कॉलेजची पोरं, "काका हे कितीला जाणार?", "माझी टपरी पण टाका ना". मला स्वतःला हे आवडतं. त्याला आवडत नाही, तो कानात इअरफोन घालून बसतो, गाणी चालू नसतात.

आता मालक. हा भाग मला चित्रापेक्षा अवघड वाटत होता, पण त्या पोराने तो नीट निभावला. अर्धवट कोरड्या क्वार्टर शीट, त्या दोन खराब फुल शीट, सगळं घेऊन गेला आणि टेबलावर मांडलं. मालक म्हणाले, "म्हणजे शेवटी तुम्ही घरी बसूनच काढणार, मग फोटोवरून काढलं काय आणि हे काय?" रास्त प्रश्न आहे. त्यांनी तुपे सरांची, म्हणजे नाशिकचे चित्रकार शिवाजी तुपे यांची नाशिकची चित्रं बघितलेली होती, त्यामुळे त्यांच्या डोक्यात चित्रकार म्हणजे घाटावर बोर्ड घेऊन बसलेला माणूस. पोराने वाद न घालता मोबाइलमधला फोटो आणि पायऱ्यांची क्वार्टर शीट शेजारी शेजारी ठेवली आणि विचारलं, "यातला ओला घाट कुठला?" मालकांनी क्वार्टरवर बोट ठेवलं. मग म्हणाला की फोटोवरून काढलं असतं तर ते या फोटोसारखं झालं असतं.

त्याच बैठकीत अटी नव्याने लिहिल्या, एका कागदावर, दोघांच्या सह्या. जागेवर क्वार्टर शीट, व्हिडिओ त्यांचाच करा, तो खरा असेल. फुल शीट स्टुडिओत. जागेवरच्या कामाचे वेगळे 6,000, कारण तिथे गेलेल्या सकाळी कोणीतरी भरल्या पाहिजेत. पाणी वाढून घाट बंद झाला तर मुदत पुढे. आणि एक ओळ मी आग्रहाने घालायला लावली, चित्राचा कॉपीराइट चित्रकाराकडे. ती का ते खाली येतंच.

फुल शीट घरात व्यवस्थित झाली, त्यात सांगण्यासारखं फार नाही. नवीन कागद, बोर्डाला गमटेपने (ओली करून चिकटवायची कागदी पट्टी) ताणून घेतलेला (300 जीएसएमची फुल शीट न ताणता भिजवली की तिच्यात लाटा येतात आणि रंग खोलगटात साचतो), हेअर ड्रायर, प्रत्येक थराला पाहिजे तेवढा वेळ. आभाळ आणि पाणी एकाच बैठकीत, देऊळ दुसऱ्या दिवशी, पायऱ्या शेवटी. मला विचाराल तर फुल शीटमधे क्वार्टरमधला तो झटका थोडा कमी झाला, तो होतोच. पण भिंतीवर दहा फुटांवरून बघायचं असेल तर फुल शीटच बोलते, क्वार्टर तिथे तिकिटासारखी दिसली असती.

एक गोष्ट वेळेवर लक्षात आली ती रिसेप्शनच्या खिडकीची. पश्चिमेची मोठी काच, संध्याकाळचं ऊन थेट त्या भिंतीवर. पोराच्या पॅलेटमधे अलिझरिन क्रिमसन होता, जुना पी.आर. 83 पिगमेंटवाला (पिगमेंट म्हणजे मूळ रंगद्रव्य), तो उन्हात उडतो हे सगळ्यांना माहीत असून सगळे वापरतात कारण सावलीत त्याच्यासारखा थंड लाल दुसरा नाही. ट्यूबवर पिगमेंटचा नंबर छापलेला असतो, तो वाचायची सवय लावून घ्या. इथे तो काढून उन्हात टिकणारा क्विनाक्रिडोन लाल घेतला, चित्र शेजारच्या भिंतीवर सरकवायला सांगितलं, आणि फ्रेमवाल्याला अ‍ॅसिड फ्री माउंट आणि काच चित्राला चिकटणार नाही एवढी जागा सोडायला सांगितलं. पावसाळ्यात काच चिकटली की आत बुरशी धरते. मालकांनी यूव्ही काचेचा खर्च ऐकून नाही म्हटलं, ठीक आहे, त्यांचे पैसे.

गणपतीच्या दोन दिवस आधी चित्र लागलं. क्वार्टर शीटपैकी पायऱ्यांची मालकांनी वेगळे पैसे देऊन घेतली, ती त्यांच्या ऑफिसात आहे. व्हिडिओ झाला, गाडीतल्या एसीसकट.

आणि मग ऑक्टोबरमधे त्यांचा फोन, दिवाळीची कार्डं छापतोय, तुमचं चित्र टाकतोय, चांगलंय ना? पोरगा चिडून माझ्याकडे. मी म्हटलं चिडू नको, तो माणूस चुकीचं काही करत नव्हता, त्याने उलट फोन तरी केला. आपल्याकडे 1957 चा कॉपीराइट कायदा आहे, त्याचं कलम 17 बघ. साधारणपणे चित्र काढणारा हाच कॉपीराइटचा पहिला मालक, पण कोणी पैसे देऊन, सांगून चित्र काढून घेतलं असेल आणि दोघांत वेगळं काही ठरलेलं नसेल, तर कॉपीराइट पैसे देणाऱ्याचा. बऱ्याच चित्रकारांना हे माहीतच नसतं, ते समजतात की मी काढलं म्हणजे हक्क माझाच. फोनवर ठरलेल्या पहिल्या ऑर्डरवर चित्र झालं असतं तर मालकांनी कार्डं, कॅलेंडर, बॅगा काहीही छापलं असतं तरी फार बोलता आलं नसतं. नाव लावायचा हक्क कलम 57 प्रमाणे तेव्हाही राहिला असता, छापायचे पैसे राहिले नसते. इथे ती एक ओळ कागदावर होती आणि चित्राला हात लावायच्या आधीची होती.

त्याने मालकांना कागदाचा फोटो पाठवला, शांतपणे. मालक आधी जरा गप्प झाले, मग म्हणाले बरोबर आहे, किती घ्याल? कार्डं 300 छापली, मागे चित्रकाराचं नाव, फक्त त्या दिवाळीपुरती परवानगी, 4,000 रुपये. पोराला ते कमी वाटतात. मला बरोबर वाटतात, कारण त्याच कार्डावरून आता दोन जणांनी त्याला ब्रह्मगिरीचं विचारलंय आणि त्यातल्या एकाने फोन न करता सरळ अटी लिहून पाठवायला सांगितल्यात.